राजाचं थडगं, विद्वानांचा मठ आणि आता सरकारी शाळा : पॅरिसच्या 'हेन्री चौथा' शाळेची १५०० वर्षांची गोष्ट

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना अमियां हे आपलं गाव सोडून पॅरिसच्या एका शाळेत दाखल झाले. त्यांच्या कितीतरी आधी ज्याँ पॉल सार्त्र तिथे शिकून गेला होता. सिमोन वेल शिकून गेली होती. मिशेल फुकोही याच बाकांवर बसून गेला होता. शाळेचं नाव 'लिसे हेन्री चौथा', फ्रेंच उच्चार 'आंरी कात्र'. लिसे म्हणजे आपल्याकडच्या उच्च माध्यमिक शाळेसारखी शाळा. आणि ही सरकारी शाळा आहे बरं का, फी भरून प्रवेश घ्यायची नाही.

या शाळेच्या आवारात एक उंच दगडी मनोरा आहे. कुठल्याही जुन्या चर्चला असतो तसाच. गंमत अशी की मनोरा आहे, पण ज्या चर्चचा तो मनोरा ते चर्च कुठेच नाही. ते पाडून तिथून रस्ता काढला. रस्त्याला नाव दिलं 'रू क्लोव्हिस', म्हणजे क्लोव्हिस रस्ता. कारण पाडलेल्या चर्चमध्ये ज्याला पुरलं होतं, तो राजा क्लोव्हिस.

हे सगळं कसं झालं, ते समजून घ्यायचं तर थेट सहाव्या शतकात जावं लागतं.

सीन नदीच्या डाव्या काठावर एक टेकडी आहे. रोमन काळात पॅरिसचं नाव ल्युटेशिया होतं आणि त्या गावाचा मुख्य चौक याच टेकडीवर होता. रोमन गेले, फ्रँक लोक आले. त्यांचा राजा क्लोव्हिस ख्रिस्ती झाला आणि त्याने राणी क्लोटिल्डसह या टेकडीवर पीटर आणि पॉल या दोन प्रेषितांच्या नावाने चर्च बांधायला घेतलं. 511 साली क्लोव्हिस वारला, तेव्हा त्याला इथेच पुरलं.

पण लोकांच्या मनात राजापेक्षा मोठी जागा होती एका बाईची. तिचं नाव जेनेव्हिएव्ह. 451 साली हूणांचा सरदार अटिला पॅरिसवर चालून येतोय अशी बातमी आली आणि लोक पळायच्या तयारीला लागले. या तरुणीने त्यांना थांबवलं, पळू नका, प्रार्थना करा म्हणाली. अटिला दुसऱ्याच वाटेने निघून गेला आणि जेनेव्हिएव्ह पॅरिसची रक्षणकर्ती ठरली. तिलाही याच चर्चमध्ये पुरण्यात आलं. हळूहळू प्रेषितांची नावं मागे पडली आणि चर्च तिच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. टेकडीचंही नाव झालं सेंट जेनेव्हिएव्हची टेकडी. शहरावर पूर आला, दुष्काळ पडला, साथ आली की तिच्या अस्थींची पेटी खांद्यावर घेऊन मिरवणूक निघायची. पाऊस लांबला की आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

चर्चभोवती धर्मसेवकांची वस्ती झाली, आणि त्या वस्तीचा पुढे मठ झाला. तो कसा झाला याचा किस्सा मध्ययुगातल्या लेखकांनी लिहून ठेवलाय.

1147 साली पोप तिसरा युजीन पॅरिसला आला. सेंट जेनेव्हिएव्हच्या चर्चमध्ये त्याने प्रार्थना केली. त्याच्यासाठी तिथे एक रेशमी गालिचा अंथरला होता. प्रार्थना संपल्यावर पोपच्या माणसांनी तो गालिचा उचलला, कारण प्रथेप्रमाणे तो आपला, असं त्यांचं म्हणणं. चर्चचे नोकर म्हणाले, आमचा. ओढाओढी सुरू झाली, मग काठ्या निघाल्या. भांडण सोडवायला खुद्द राजा सातवा लुई मध्ये पडला, तर म्हणतात त्यालाही दोन-चार तडाखे बसले. एवढा तमाशा झाल्यावर पोप आणि राजा दोघांनी ठरवलं की इथली माणसं बदलायची. पुढच्याच वर्षी, 1148 मध्ये, शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या सेंट व्हिक्टर मठातून नवे लोक आणून बसवले.

हे नवे लोक म्हणजे जगापासून दूर राहणारे संन्यासी नव्हते. ते पाद्रीच होते, पण संत ऑगस्टिनच्या नियमानुसार एकत्र राहायचे. एकत्र जेवण, एकत्र प्रार्थना, स्वतःच्या मालकीचं काही नाही. अभ्यास आणि शिकवणं मात्र चालू. शाळेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण या टेकडीवर शिकवण्याची परंपरा सरकारी शाळा येण्याच्या सहा-सातशे वर्षं आधीची आहे.

त्यामागे एक साधं प्रशासकीय कारण होतं. पॅरिसमध्ये कुणी शिकवायचं हे बिशपचा अधिकारी ठरवायचा. पण सेंट जेनेव्हिएव्हचा मठ बिशपच्या हाताखाली नव्हता, तो थेट पोपला उत्तर द्यायचा. त्यामुळे बिशपशी ज्याचं पटत नाही असा शिक्षक सरळ नदी ओलांडून टेकडीवर यायचा आणि इथे वर्ग भरवायचा. त्या काळातला सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात भांडखोर तत्त्वज्ञ पीटर आबेलार याने हेच केलं. 1136 मध्ये इंग्लंडहून आलेला जॉन ऑफ सॉल्सबरी त्याच्या टेकडीवरच्या वर्गात बसला होता. पुढे पॅरिसचं विद्यापीठ आकाराला आलं तेव्हा शिकवण्याचा परवाना देणारे दोन अधिकारी होते, एक बिशपचा आणि दुसरा या मठाचा. आजूबाजूच्या वस्तीत विद्यार्थी आणि शिक्षक लॅटिनमध्ये बोलायचे, म्हणून त्या भागाला 'लॅटिन क्वार्टर' म्हणतात.

आता इमारतीकडे वळू, कारण शाळेतला खरा खजिना तीच आहे.

मनोऱ्यापासून सुरुवात करायची तर त्याचं वय एक नाही. खालचा भाग रोमनेस्क पद्धतीचा : जाड भिंती, गोल कमानी, बेताच्या खिडक्या. वरचे मजले काही शतकांनी चढवलेले, गॉथिक पद्धतीचे : टोकदार कमानी, उंच आणि अरुंद खिडक्या, कोरीवकाम जास्त. खालून वर नजर नेली की बांधकामाची पद्धत कशी बदलत गेली ते एकाच मनोऱ्यात दिसतं. लोक याला 'क्लोव्हिसचा मनोरा' म्हणतात, पण क्लोव्हिस वारल्यानंतर कितीतरी शतकांनी तो बांधलाय.

दुसरी जुनी गोष्ट म्हणजे भोजनगृह, तेराव्या शतकातलं. लांबच लांब दालन, वर दगडी कमानींचं छत. अशा मठांत जेवताना बोलायला बंदी असायची. एक जण उंचावर उभा राहून धर्मग्रंथ वाचायचा आणि बाकीचे गुपचूप जेवायचे. शाळा झाल्यावर एकोणिसाव्या शतकात या भोजनगृहाचं प्रार्थनागृह करण्यात आलं. मूळ चर्च पाडलं आणि जेवणाच्या खोलीला चर्च केलं, असा हा उलटा कारभार!

मठाच्या मधोमध चौकोनी अंगण आणि त्याच्या चारी बाजूंनी कमानींचा ओटा. याला क्लॉइस्टर म्हणतात. आपल्याकडच्या वाड्याचा चौक डोळ्यांसमोर आणा, कल्पना येईल. या ओट्यावरून फिरत मठवासी पाठांतर करायचे, चिंतन करायचे. आताचं क्लॉइस्टर अठराव्या शतकात नव्याने बांधलेलं आहे. त्यावरून आता दप्तर पाठीला लावलेली मुलं एका तासाहून दुसऱ्या तासाला जातात.

पण या मठाचं सगळ्यात मोठं वैभव होतं ग्रंथालय. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मठाची अवस्था वाईट होती, पुस्तकं विकली गेली होती. 1619 मध्ये कार्डिनल ला रोशफुको मठाधिपती म्हणून आले. त्यांनी शिस्त लावली आणि स्वतःची सुमारे 600 पुस्तकं देऊन ग्रंथालय पुन्हा उभं केलं. संग्रह वाढत गेला तशी जागा अपुरी पडू लागली, म्हणून मठाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर क्रॉसच्या आकाराची दालनं तयार झाली. दोन लांब दालनं एकमेकांना छेदतात, आणि छेदतात तिथे घुमट. 1730 मध्ये ज्याँ रेस्तू या चित्रकाराने घुमटाच्या आतून संत ऑगस्टिनचं चित्र रंगवलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे सुमारे 58,000 छापील पुस्तकं आणि 2,000 हस्तलिखितं होती. शेजारी नाणी, प्राणी, शंख-शिंपले, दूरदेशीच्या वस्तू असा कुतूहलाचा संग्रहही होता.

या ग्रंथालयाचा एक ग्रंथपाल विसरता येणार नाही. अलेक्झांद्र ग्वी पँग्रे. मठातला पाद्री, पण जीव अडकलेला आकाशात. मठातच त्याची वेधशाळा होती. 1761 मध्ये शुक्र सूर्यासमोरून जाणार होता आणि त्या मोजमापावरून सूर्य किती दूर आहे हे काढता येणार होतं. त्यासाठी पँग्रे हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर जाऊन पोहोचला. ढगांनी छळलं, वर इंग्रजांनी बेटावर हल्ला केला आणि स्वारी तिथेच अडकून पडली. (त्याच वेळी ल जांती नावाचा दुसरा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आपल्या पाँडिचेरीला निघाला होता. इंग्रजांनी ते घेतल्याने त्याला उतरताच आलं नाही. पठ्ठ्या पुढच्या संधीसाठी आठ वर्षं इकडेच थांबला, आणि 1769 ला पाँडिचेरीत ऐन वेळी ढग आले. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता येते राज्यक्रांती. आणि इथे मठाचं नशीब जरा विचित्रच निघालं.

1744 मध्ये राजा पंधरावा लुई मेट्झ इथे खूप आजारी पडला. वाचलो तर सेंट जेनेव्हिएव्हसाठी भव्य चर्च बांधीन, असा नवस त्याने बोलला, आणि तो वाचला. मठाचं जुनं चर्च मोडकळीला आलेलंच होतं. सुफ्लो या वास्तुविशारदाला काम मिळालं, 1758 मध्ये सुरुवात झाली, आणि मोठाले खांब आणि अवाढव्य घुमट असलेली इमारत 1790 च्या सुमारास पुरी झाली. म्हणजे राजाने फेडलेला नवस नेमका राजेशाही कोसळताना तयार झाला. 1791 मध्ये क्रांतिकारी संसदेने ठरवलं की हे चर्च नाही, हे देशातल्या थोर माणसांचं स्मारक. तेच आजचं पँथिऑन.

मठाला नवं चर्च मिळालं नाही आणि जुनंही राहिलं नाही. चर्चची सगळी मालमत्ता 1789 मध्ये देशाच्या मालकीची झाली होती, पुढच्याच वर्षी मठ बंद करण्यात आले. 1793 मध्ये जेनेव्हिएव्हच्या अस्थींच्या पेटीचं सोनं आणि रत्नं काढून घेतली, आणि ज्या अस्थींसमोर पॅरिसने हजार वर्षं हात जोडले त्या ग्रेव्ह चौकात जाहीरपणे जाळून टाकल्या.

तत्त्वज्ञ देकार्तचे अवशेषही याच चर्चमध्ये होते. तो 1650 मध्ये स्वीडनमध्ये वारला होता, अवशेष 1667 मध्ये इथे आणून पुरले. तेव्हा दरबाराने त्याच्याबद्दल भाषण करायलाही मनाई केली होती, कारण त्याचे विचार चर्चला पटत नव्हते. क्रांतीत ते पुन्हा हलवले गेले आणि शेवटी 1819 मध्ये दुसऱ्या एका जुन्या मठाच्या चर्चमध्ये ठेवले. क्लोव्हिसच्या थडग्यावरची तेराव्या शतकातली दगडी मूर्ती आता पॅरिसजवळच्या सँ-देनी इथे आहे.

ग्रंथालय मात्र वाचलं. देशभरातल्या मठांची पुस्तकं गोण्यांत भरून कुठे कुठे पाठवली जात होती, हा संग्रह जागचा हलला नाही. त्याचं बरंचसं श्रेय पँग्रेला देतात. तो तेव्हा ऐंशीच्या घरात होता, पाद्री असला तरी नावाजलेला शास्त्रज्ञ होता, आणि नव्या राजवटीला शास्त्रज्ञ हवे होते. मठाचं ग्रंथालय देशाचं ग्रंथालय झालं आणि पँग्रे तिथेच राहिला. 1796 मध्ये त्याचं निधन झालं.

त्याच साली मठात शाळा सुरू झाली : 'पँथिऑन सेंट्रल स्कूल'. मठातच का? कारण अगदी व्यवहारी आहे. सरकारला मोठ्या शाळा हव्या होत्या आणि बांधायला पैसा नव्हता. मठात काय काय असतं बघा : मोठं स्वयंपाकघर, शंभर माणसं एकत्र जेवतील असं दालन, झोपायच्या खोल्या, मोकळं अंगण, ग्रंथालय, आणि भोवती भक्कम भिंत. वसतिगृहाच्या शाळेला याहून वेगळं काय लागतं? पॅरिसमधल्या दुसऱ्या नावाजलेल्या शाळाही अशाच जुन्या धार्मिक वास्तूंत आहेत. लिसे कोंदोर्से हा कापुसिन संन्याशांचा मठ होता, तर लिसे शार्लमान्य आणि लुई-ल-ग्रां या मूळच्या जेझुइटांच्या जागा.

सेंट्रल स्कूलचा अभ्यासक्रम त्या काळाच्या मानाने धाडसी होता. लॅटिन आणि धर्मशास्त्र मागे टाकून विज्ञान, गणित, चित्रकला पुढे आली. निसर्गविज्ञान शिकवायला होता जॉर्ज क्युव्हिये. प्राण्यांच्या जाती पृथ्वीवरून कायमच्या नष्ट होऊ शकतात हे हाडांवरून दाखवणारा माणूस. देवाने केलेल्या सृष्टीतलं काही नाहीसं होऊच शकत नाही असं मानणाऱ्या काळात, जिथे काल-परवापर्यंत घंटेच्या तालावर प्रार्थना चालायची त्या मठात, तो शिकवत होता.

मग नेपोलियन आला. त्याने 1802 मध्ये सेंट्रल स्कूल बंद करून लिसे ही पद्धत आणली. त्याला हवे होते शिस्तीचे अधिकारी. मुलांना गणवेश, पलटणीसारख्या तुकड्या, आणि तास बदलायला ढोल. घंटा जाऊन ढोल आला, पण ठरलेल्या वेळी उठायचं, रांगेत जेवायचं आणि एकाच मोठ्या खोलीत झोपायचं हे वेळापत्रक मठाचंच राहिलं.

नेपोलियनच्याच काळात, 1807 पर्यंत, जुनं चर्च पाडून झालं. वाचला फक्त मनोरा.

शाळेच्या नावाचा इतिहास म्हणजे फ्रान्सच्या राजकारणाचा इतिहासच समजा. 1804 मध्ये लिसे नेपोलियन. 1815 मध्ये नेपोलियन हरला, राजे परतले, तर कॉलेज हेन्री चौथा. 1848 मध्ये राजा पळाला, नाव झालं लिसे कॉर्नेय. नेपोलियनचा पुतण्या सत्तेवर आला, पुन्हा लिसे नेपोलियन. तो 1870 मध्ये गेला, पुन्हा कॉर्नेय. 1873 मध्ये परत हेन्री चौथा, आणि मग मात्र कुणी हात लावला नाही. रस्त्यांची आणि स्टेशनांची नावं बदलताना पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. खुद्द हेन्रीचा या शाळेशी काडीचा संबंध नाही. उलट 1590 मध्ये त्याने पॅरिसला वेढा घालून शहराला उपाशी मारलं होतं.

शाळा वाढली तशी ग्रंथालयाशी भांडणं सुरू झाली. एकाच इमारतीत खाली मुलं, वर हजारो पुस्तकं. 1838 पासून ग्रंथालय रात्रीही उघडं राहू लागलं, गॅसच्या दिव्यांत विद्यार्थी वाचत बसायचे. पण पुस्तकांच्या भाराने जुनी इमारत धोक्यात आली होती आणि शाळेला त्या दालनांत मुलांना झोपवायचं होतं. 1842 मध्ये ग्रंथालयाला बाहेर पडावं लागलं. आंरी लाब्रुस्त या वास्तुविशारदाने पँथिऑनजवळच त्याच्यासाठी नवी इमारत बांधली. बाहेरून दगडी आणि गंभीर, आत मात्र लोखंडाच्या नाजूक कमानी. लोखंड तेव्हा रेल्वे स्टेशनात आणि मंडईत वापरायची गोष्ट होती, त्याने ते वाचनालयात उघडं मिरवलं. 1851 मध्ये ती इमारत उघडली आणि जगभरच्या ग्रंथालयांसाठी नमुना ठरली. म्हणजे आधुनिक वास्तुकलेतली एक नामांकित इमारत उभी राहायला शाळेतली जागेची टंचाईही कारणीभूत आहे. जुन्या दालनांतला घुमट आणि रेस्तूचं चित्र शाळेतच राहिलं.

यानंतर शाळेचं नाव झालं ते शिक्षकांमुळे. हेन्री बर्गसाँ इथे शिकवायचा. आलँ या टोपणनावाने लिहिणारा तत्त्वज्ञ 1909 ते 1933 इथे होता. त्याच्या वर्गात 1925 मध्ये सिमोन वेल आली. मुलांच्या या वर्गांत मुलींना तेव्हा नुकताच शिरकाव मिळू लागला होता, ती पहिल्या काही जणींपैकी एक. हे वर्ग म्हणजे 'प्रेपा' : शालान्त परीक्षेनंतर देशातल्या वरच्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेची दोन वर्षांची तयारी. आपल्याकडच्या जेईईच्या क्लाससारखंच, फक्त सरकारी खर्चाने आणि तत्त्वज्ञानासाठीसुद्धा. नापास होणारेही इथे असतातच. मॅक्रॉन स्वतः इथे तयारी करून एकोल नॉर्मालची परीक्षा दोनदा देऊनही पास झाले नाहीत.

आणि इथेच आजचा वाद सुरू होतो. क्रांतीने मठ ताब्यात घेतला तो ज्ञान सगळ्यांना खुलं करायला. प्रत्यक्षात दोनशे वर्षांनी शाळेत मोठ्या प्रमाणात सुस्थितीतल्या घरांतली मुलं दिसू लागली. पॅरिसच्या बाकी सरकारी शाळांचे प्रवेश 'अफेलनेट' या केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने व्हायचे, पण हेन्री चौथा आणि लुई-ल-ग्रां या दोन शाळा अर्ज आणि गुणपत्रकं बघून आपले विद्यार्थी स्वतः निवडायच्या. जानेवारी 2022 मध्ये शिक्षण खात्याने जाहीर केलं की ही सवलत बंद, दोन्ही शाळा केंद्रीय पद्धतीत येणार. या पद्धतीत गुणांबरोबर विद्यार्थी कुठल्या सामाजिक थरातल्या शाळेतून आलाय हेही बघितलं जातं. शिक्षकांनी आणि पालकांनी विरोध केला, दर्जा घसरेल म्हणाले. समर्थकांचं म्हणणं, पॅरिसच्या पूर्वेकडच्या गरीब वस्तीतली हुशार मुलं अर्जच करत नव्हती, ती आता येतील. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा गोंधळ ज्यांनी भोगलाय त्यांना दोन्ही बाजू लगेच कळतील. हा बदल साधारण पंधराव्या वर्षी होणाऱ्या प्रवेशाला लागू आहे, 'प्रेपा'चे प्रवेश वेगळ्या राष्ट्रीय पद्धतीने होतात.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 2004 च्या कायद्याने फ्रान्समधल्या सरकारी शाळांत ठळक धार्मिक खुणा घालून येायला बंदी आहे. मोठा क्रॉस नाही, हिजाब नाही, पगडी नाही. तो कायदा या शाळेलाही आहे, जिच्या घुमटावर संत आहे आणि जिच्या आवारात चर्चचा मनोरा आहे.

पॅरिसला गेलात तर चालू शाळा असल्याने आत सहज शिरता येणार नाही. पण पँथिऑनच्या मागच्या बाजूने रू क्लोव्हिसमध्ये वळा. डावीकडे सँ एतियेन द्यू माँ हे चर्च दिसेल. तिथे जेनेव्हिएव्हच्या थडग्याचा दगड जपून ठेवलाय, आणि पास्कल व रासीन यांच्या समाध्याही तिथेच आहेत. उजवीकडे शाळेची भिंत, जुनं भोजनगृह आणि मनोरा. ज्या डांबरावरून चालाल, तिथेच ते चर्च होतं. तसंच उतारावर थोडं पुढे गेलं की इमारतींच्या मधोमध एक ओबडधोबड दगडी भिंत उभी दिसते. राजा फिलिप ऑगस्टसने बांधलेल्या शहराच्या तटबंदीचा तो उरलेला तुकडा आहे, आबेलारच्या नंतरचा आणि शाळेच्या सहाशे वर्षं आधीचा.